जुम्याची सुटी आणि कारागिराचा हात

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. धंदा मंद आहे ही तक्रार जुनी, ती बापजाद्यांपासून चालत आली आहे. नवी तक्रार अशी की धंदा बरा आहे, ऑर्डरी आहेत, पण पूर्वीसारखे काही सुचत नाही. शिंपी म्हणतो, गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते आणि आम्ही तसेच्या तसे शिवून देतो. सुतार म्हणतो, स्वतःच्या डोक्यातून नवा नमुना काढून किती वर्षे झाली ते आठवत नाही. जरीकाम करणारे एक वयस्कर उस्ताद परवा आम्हाला म्हणाले, ‘‘हात चालू आहे भाई, डोके बंद आहे.’’

यात दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे आम्हाला कारण नाही, कारण आमच्या घरातच हे घडले आहे. आमचा लहानसा छापखाना आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत तो सलग तेवीस दिवस एकदाही बंद नव्हता. सकाळी नऊला कुलूप उघडायचे आणि रात्री बारा-एकला लावायचे. जुम्याला नमाजपुरते बाहेर पडायचे, जेवणही मशीनजवळच. अशात एका लग्नपत्रिकेवर निकाहची तारीख बरोबर पडली, पण वार शुक्रवारऐवजी गुरुवार पडला. प्रूफ आम्हीच वाचले होते, एकदा नव्हे, दोनदा. पाचशे पत्रिका छापून गेल्या, निम्म्या वाटल्याही गेल्या, तेव्हा मुलीच्या चुलत्यांचा फोन आला. पत्रिका आम्ही पुन्हा फुकट छापून दिल्या, घरोघरी फोनही लावले. तरी बाहेरगावचे दोघे पाहुणे, ज्यांना फोन लागला नाही, ते आदल्या दिवशीच बिचारे येऊन बसले. मुलीचे वडील आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. आजही भेटले की सलाम करतात. धाकट्या मुलीची पत्रिका मात्र त्यांनी दुसरीकडे छापली.

नुकसान किती झाले हे कागदाच्या भावावरून काढता येते, पण आम्हाला टोचली ती दुसरीच गोष्ट. त्या तेवीस दिवसांत आम्ही जितक्या पत्रिका केल्या त्या सगळ्या एकाच सांच्यातल्या होत्या. तीच वेलबुट्टी, तीच कमान, तोच सोनेरी रंग. एके काळी आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकासाठी बिस्मिल्लाहची वळणे वेगवेगळी काढून देत असू. ते कधी सुटले हे कळलेसुद्धा नाही.

थकलेला माणूस चुका करतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, परंतु त्यांनी ते मोजून ठेवले आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याच्या हाताची आणि लक्षाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते, असे त्यांना आढळले. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तरीही सीझनमध्ये रात्री एक वाजता आपण कात्रीवर, करवतीवर किंवा गल्ल्यावर कोणत्या अवस्थेत बसतो, हे यावरून समजावे.

आता प्रश्न असा की उपाय काय? ‘‘आराम करा’’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. ज्याचे दुकान भाड्याचे आहे, ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला आराम करा म्हणणे म्हणजे त्याची चेष्टा होय. म्हणून आम्ही उपदेशाऐवजी एका गावाचे उदाहरण घेतो. हे गाव आरामाचे नाही, कष्टाचे आहे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. मौसम नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे गाव विणकरांचे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. गावात शिरले की आधी आवाज ऐकू येतो, मग घरे दिसतात. विणाई खात्यातला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तेथे शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते किंवा हाताने खुणा कराव्या लागतात. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या. एकेका कामगाराकडे अनेक लूम. मजुरी कापडाच्या मापावर, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. वीज गेली, धागा तुटला, कांडी संपली, सगळा तोटा कामगाराच्या खिशातून. आणि विणायचे काय, तर बहुतेक साधे ग्रे कापड. त्यात ना रंग ना नक्षी. आजोबा हातमागावर लुगड्याचे काठ स्वतः ठरवीत, नातवाला ठरवायला काही उरले नाही. त्याचे काम एवढेच की धागा तुटला तर जोडायचा.

अशा गावात माणसाच्या डोक्यात नवे काही उगवेल अशी कोणी अपेक्षा करणार नाही. पण मालेगावात एक रिवाज टिकला आहे. शुक्रवारी माग बंद. एका सेठचे नव्हे, सगळ्या गावाचे. आठवडाभर ज्या गल्लीत खटखट चालते तेथे त्या दिवशी पोरांच्या खेळण्याचा आवाज येतो. जुम्याची नमाज होते, हॉटेलांतून चहाच्या फेऱ्या झडतात, आणि मग तो दिवस मोकळा असतो. उर्दू मुशायऱ्यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. विणकर-शायर ही येथे नवलाची गोष्ट नाही.

याच गावातून साधारण २००० सालच्या सुमारास एक वेगळाच प्रकार निघाला. नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवीत. चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपट त्यांनी इतके पाहिले आणि दाखविले की आपणही असे करावे असे त्यांच्या मनाने घेतले. (सिनेमाविषयी आमच्या वाचकांत दोन मते आहेत हे आम्ही जाणतो. त्या वादात आज शिरायचे नाही, आमचा मुद्दा निराळा आहे.) त्यांनी मित्र जमविले. कोणी लूमवर काम करणारा, कोणी दुकानात बसणारा. आणि ‘मालेगाव के शोले’ नावाचे मूळ ‘शोले’चे विडंबन काढले. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. एवढ्या पैशांत घोडे कोठून आणणार? डाकू सायकलींवर आले. कॅमेरा सरकत नेण्यासाठी रूळ नव्हते, तर तो सायकलवर बांधला. उंचावरून चित्र घ्यायला क्रेन नव्हती, तर बैलगाडी उभी केली. संकलन दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. चित्रपट गावात तुफान चालला, आणि मागोमाग गावात असे चित्रपट काढणाऱ्यांची रांग लागली.

कारागिराने हे नीट पाहावे असे आम्हाला वाटते. ही सगळी युक्ती आली कोठून? सायकल, बैलगाडी, हिरवे कापड, रस्त्यावरचा ट्रक, या सर्व रोजच्याच वस्तू. त्या आठवड्याचे सहाही दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होत्या. पण सहा दिवस सायकल म्हणजे कामावर जायचे वाहन. सातव्या दिवशी कोणाला तरी सुचले की तिच्यावर कॅमेरा बसेल. ज्याला धागा जोडण्यापलीकडे काही ठरविण्याची मुभा नव्हती तो माणूस त्या दिवशी संवाद ठरवू लागला, पेहराव ठरवू लागला, मित्रांशी तासन्‌तास भांडू लागला की हा प्रसंग असा नको, तसा हवा.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. तो तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. हा २००८ चा, आणि आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो २०१२ मध्ये लागला. अगदी अलीकडे २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपटही याच मंडळींवर आला. त्या सुपरमॅनची भूमिका करणारा शफीक शेख लूमवरचा कामगार होता. अंगाने काडीसारखा. शूटिंग चालू असतानाच त्याचे लग्न झाले. चित्रपटातला खलनायक तंबाखूचा धंदा करणारा, आणि सुपरमॅन त्याच्याशी लढतो. प्रत्यक्षात शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला. बारा तास जागे राहायचे, आवाजात उभे राहायचे, मग गालात काहीतरी धरावेच लागते, असे कारखान्यांतून सर्रास ऐकू येते. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ मध्ये आली. शफीकची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण एका दिवसाच्या सुटीने सहा दिवसांच्या झिजेची भरपाई होते असे कोणी समजू नये. होत नाही.

पण आता आमचा मुद्दा. मालेगावच्या या मंडळींपाशी पैसा नव्हता, शिक्षण नव्हते, वेळही तुमच्या-आमच्यापेक्षा कमीच होता. त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती जी आपल्यापाशी राहिलेली नाही. सगळ्यांना एकाच दिवशी सुटी. लेखकाची सुटी मंगळवारी, नटाची गुरुवारी आणि कॅमेरा धरणाऱ्याची रविवारी असती तर ‘शोले’ काय, एक गाणेही पुरे झाले नसते. आणि सेठनेही लूम बंद ठेवले ते शेजारच्या सेठने ठेवले म्हणून. एकट्याने बंद ठेवणारा मूर्ख ठरतो, सगळ्यांनी मिळून बंद ठेवले तर कोणाचेच गिऱ्हाईक पळत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवून घेतली. त्यांनी एकेका कामगारासाठी रजा मागितली नव्हती. सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकाच दिवशी थांबावेत अशी मागणी होती, आणि रविवार हा खंडोबाचा वार म्हणूनही त्यांनी तो धरला होता. लोकांच्या श्रद्धेला आणि रिवाजाला धरून मागितलेली सुटी टिकते, एवढे त्यावरून घेता येईल.

दुकानदारांनाही अशी सुटी कायद्याने होती. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्यान्वये आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे भाग होते, म्हणूनच प्रत्येक बाजाराचा बंदवार ठरलेला असे. सोमवारी अमुक बाजार बंद, मंगळवारी तमुक, हे पोरासोरांना पाठ. २०१७ मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मोकळीक दिली. नोकराला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यायची अट त्यात आहे, पण तो कायदा तेव्हा दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना लागू झाला. म्हणजे मोठ्या दुकानातल्या नोकराला सुटी आहे. आमच्यासारखा जो स्वतःच मालक, स्वतःच नोकर आणि स्वतःच हमाल, त्याचे दार बंद करणारा कायदा आता कोणताही नाही. व्यापाऱ्यांनी त्या वेळी या मोकळिकीचे स्वागत केले. आम्हीही केले, खोटे कशाला बोला.

त्यात मोबाइल आला. पूर्वी शटर खाली ओढले की दुकान बंद होत असे. आता शटर खाली असते आणि दुकान खिशात चालू असते. जुम्याच्या खुतब्याच्या वेळी सफेतून थरथरणाऱ्या फोनांचा आवाज येतो हे सर्वांनी ऐकले आहे. कोणी रेट विचारतो, कोणी डिझाइन पाठवतो, कोणी ‘‘झाले का?’’ एवढेच लिहितो. सूरह जुमामध्ये हुकूम स्पष्ट आहे. अजान झाली की व्यापार सोडून धाव घ्या, आणि नमाज पूर्ण झाली की जमिनीवर पसरा व रोजी शोधा. यावरून कोणी म्हणेल की दिवसभर बंद ठेवण्याचा हुकूम नाही, आणि ते खरेच आहे. मालेगावचा पूर्ण दिवसाचा बंद हा रिवाज आहे, फर्ज नव्हे. पण व्यापार ‘सोडा’ म्हटले आहे त्या घटकेतसुद्धा आज तो आपल्या हातून सुटत नाही, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी करावा.

दोन आक्षेप येतील. पहिला मजुरांचा. ज्याची कमाई मीटरवर आहे त्याला सुटी म्हणजे उपवास. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. सहा दिवसांच्या मजुरीत सात दिवसांचे घर चालले पाहिजे, नाहीतर सुटीची भाषा फक्त मालकाच्या तोंडी शोभते. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत त्यांनी दर ठरविताना हा हिशेब धरावा. दुसरा आक्षेप आमच्या घरातून आला. हा लेख लिहितोय म्हटल्यावर ऐकावे लागले, ‘‘तुमचा शुक्रवार सुटीचा, आमचा दुप्पट कामाचा. सगळे घरी, म्हणजे बिर्याणी, म्हणजे सगळी भांडी बाहेर.’’ मालेगावच्या त्या चित्रपटांतही गावच्या बायका दिसत नाहीत, नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. घरातल्या बाईच्या हातातही हुनर असते, भरतकाम असते, मेंदी असते, आणि तिला तर आठवड्याचा एकही दिवस नाही. यावर आम्ही घरी काय कबूल केले ते येथे छापत नाही, पण काही तरी कबूल केले आहे.

रिकाम्या वेळाचा धंद्याला काय फायदा, असे विचारणाऱ्यांना मिरजेकडे पाहता येईल. तेथील सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार आणि झिलई देणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला. जी फुरसत मिळाली ती सुखाची नव्हती, उपासमारीची होती. पण धातू आणि लाकूड ओळखणारा हात रिकामा झाला, गावात संगीताचे वातावरण होते, आणि त्या हाताने तंबोरे व सतारी करायला घेतल्या. त्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. ते महिनोन्‌महिने वाळवावे लागतात, घाई केली तर वाद्य बोलत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

उलट एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मालेगावची ती मौज पुढे सीडींवर गेली, नंतर यूट्यूबवर. आज तेथील विनोदी व्हिडिओ कोट्यवधी लोक पाहतात आणि त्यावर अनेकांची रोजी चालते. छानच झाले. पण आता दर आठवड्याला नवा व्हिडिओ द्यावा लागतो, म्हणजे तोही एक लूमच झाला. छंदाचा धंदा झाला की नवा छंद शोधावा लागतो, हे ज्याने त्याने ओळखावे. आम्ही म्हणूनच वळणदार लिपीचा सराव पुन्हा सुरू केला आहे तो पत्रिकांसाठी नव्हे. बोरूने लिहितो आणि कागद घडी घालून ठेवून देतो. पहिले दोन महिने अक्षर इतके वाईट येत होते की मुलगा हसत असे.

आमच्या गल्लीत अकरा दुकाने आहेत. गेल्या रमजाननंतर आम्ही सगळ्यांना चहाला बोलावले आणि विचारले की शुक्रवारी नमाजेपासून रात्रीपर्यंत सगळ्यांनी मिळून बंद ठेवायचे का, आणि तेवढा वेळ ऑर्डरीच्या फोनला उत्तर द्यायचे नाही असे ठरवायचे का. सात जण तयार झाले. फोनवर सर्वांनी एकच मजकूर लावला आहे, ‘शुक्रवारी दुपारनंतर दुकान बंद, शनिवारी सकाळी उत्तर मिळेल.’ पहिल्या महिन्यात आमची तीन गिऱ्हाइके गेली, त्यांतले एक परत आले. औषधाच्या दुकानदाराला आम्हीच म्हटले, तुम्ही उघडे ठेवा. बेकरीवाले म्हणतात, पाव शिळा होतो, आम्हाला सोमवार द्या. राहिले दोघे, किराणावाले आणि मोबाइल रिचार्जवाले. किराणावाल्यांचे म्हणणे असे की पलीकडच्या गल्लीतला किराणा बंद राहिला तरच मी बंद ठेवीन. म्हणणे रास्त आहे. येत्या जुम्याला असरनंतर आम्ही पलीकडच्या गल्लीत जाणार आहोत.